दिव्याचा दाब, सिलिकॉनचा प्रवाह

घरी संगीत ऐकण्यासाठी पदरमोड करून यंत्रे जमविणाऱ्या हौशी मंडळींत एक तक्रार वारंवार ऐकू येते. घरात ट्रान्झिस्टरचा चांगला भक्कम पॉवर अँप्लिफायर असतो. त्याच्या जोडीला कोणी मोठ्या कौतुकाने व्हॉल्व्हचा जुना प्रीअँप्लिफायर आणतो. दोन्ही यंत्रे स्वतंत्रपणे तपासून पाहिली असता निर्दोष ठरतात. आणि तरीही त्यांची गाठ घालून तबकडी लावली की डग्ग्याची घुमक नाहीशी होते, तंबोऱ्याचा खर्ज पातळ पडतो आणि एकंदर आवाजही मंदावतो. दुरुस्ती करणारा कारागीर एक यंत्र उघडतो, दुसरे उघडतो, दोहोंतही त्याला काही सापडत नाही, आणि अखेरीस ‘जुन्या मालाचे असेच’ असा निवाडा देऊन तो मोकळा होतो.

याच्या नेमके उलट कोडेही तितकेच परिचित आहे. मित्राच्या घरी जो व्हॉल्व्हचा अँप्लिफायर कमालीचा सुरेल वाटला, तोच आपल्या घरी आणून आपल्या स्पीकरांना जोडला की कोठे आवाज फुगतो, कोठे बसतो. वस्तू तीच, तबकडी तीच, कानही तेच. मग बदलले काय?

दोन्ही कोड्यांचा उलगडा एकाच ठिकाणी होतो, आणि ते ठिकाण कोणत्याही यंत्राच्या पोटात नसून दोन यंत्रांच्या सांध्यात आहे. व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांना एका घरात नांदवायचे असेल, तर त्यांच्या आवाजाच्या गुणदोषांची चर्चा करण्याआधी या सांध्याचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हौशी मंडळींच्या गप्पांत नेमका हाच हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

पाटकऱ्याचे काम

अँप्लिफायर सूक्ष्म विद्युत्संकेताला ‘मोठा करतो’ असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः तो तसे काही करीत नाही. धरणाच्या पाटावरचा पाटकरी चाक फिरवून दरवाजा वीतभर उचलतो आणि शेकडो एकर भिजवील इतके पाणी सुटते. ते पाणी पाटकऱ्याच्या अंगातले नव्हे, धरणातले असते. त्याने फक्त किती सुटावे याचा हुकूम दिला. तबकडीच्या सुईकडून येणारा क्षीण संकेत हा असा पाटकरी होय, आणि भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेवरून यंत्राच्या आत साठविलेली ऊर्जा हे धरण. संकेत जसजसा हलतो तसतसा दरवाजा हलतो, आणि स्पीकरपर्यंत पोहोचते ती त्या संकेताची हुबेहूब, परंतु धरणाच्या बळावर घडविलेली, थोरली प्रत.

व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर हे या दरवाजाचे दोन प्रकार आहेत. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातल्या तारेतून वीज खेळवून ती तापविली की तिच्याभोवतीचे ऋणाग्र इलेक्ट्रॉन सोडू लागते आणि समोरच्या धनाग्रावर दोन-तीनशे व्होल्टांचा दाब असल्यामुळे ते तिकडे धावतात. जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ साली असा दोन अग्रांचा व्हॉल्व्ह केला; ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्या दोहोंच्या मध्ये तारेची एक जाळी बसविली, आणि या जाळीवरचा अल्पसा दाब इलेक्ट्रॉनांच्या मोठ्या ओघाला आवरू वा सोडू शकतो हे सिद्ध झाले. आजही प्रीअँप्लिफायरांत सर्रास आढळणारा ईसीसी ८३ हा व्हॉल्व्ह हातात धरून पाहिला, तर अंगठ्याएवढ्या काचेत करड्या धनाग्रांची एक जोडी, त्यांना खाली-वर धरून ठेवणाऱ्या अभ्रकाच्या चकत्या, आणि माथ्याशी आतून चढलेला चंदेरी मुलामा दिसतो. हा मुलामा शोभेचा नव्हे. नळीत मागे राहिलेले वायूचे कण शोषून घेण्यासाठी तो असतो, आणि काचेला तडा जाऊन आत हवा शिरली की तो पांढरा पडतो. जुन्या रेडिओतून काढलेला व्हॉल्व्ह विकत घेताना प्रथम त्याचा माथा पाहावा, तो एवढ्याचसाठी.

ट्रान्झिस्टरचा जन्म अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये झाला. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांना त्याबद्दल १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात निर्वात नाही, तापविलेली तार नाही. स्फटिकाच्या आतच हुकमाचा दरवाजा आहे. प्रारंभी हा स्फटिक जर्मेनियमचा असे, पुढे सिलिकॉनचा आला.

दोहोंचा स्वभाव मात्र अगदी भिन्न. व्हॉल्व्ह दाबाचा धनी आहे: शेकडो व्होल्ट तो सहज पेलतो, परंतु त्यातून वाहणारा प्रवाह बेताचा, ईसीसी ८३ च्या एका अंगातून जेमतेम एक सहस्रांश अँपिअर जातो. ट्रान्झिस्टर प्रवाहाचा धनी आहे: काही दशक व्होल्टांवर तो कित्येक अँपिअर बिनतक्रार सोडतो. पुढे येणारा सगळा प्रपंच या एका भेदातून निघतो.

रोहित्र नावाचा दुभाष्या

स्पीकरला काय हवे असते ते पाहू. आठ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट शक्ती द्यावयाची, तर २० व्होल्ट दाब आणि अडीच अँपिअर प्रवाह लागतो. ट्रान्झिस्टरला ही मागणी अगदी स्वाभाविक वाटते, म्हणून तो स्पीकरला थेट जोडता येतो. व्हॉल्व्हला ती अडचणीची; त्याच्याजवळ दाब भरपूर, प्रवाह नाही. म्हणून मध्ये रोहित्र घालावे लागते. ईएल ८४ या छोट्या पॉवर व्हॉल्व्हच्या जोडीला समोर आठ हजार ओहमचा भार दिसला पाहिजे, आणि स्पीकर तर आठ ओहमचाच. हे हजारास एक असे प्रमाण साधण्यासाठी रोहित्राच्या दोन गुंडाळ्यांतील वेढ्यांचे प्रमाण सुमारे बत्तिसास एक ठेवतात, आणि मग जास्त दाब-कमी प्रवाह याचे रूपांतर कमी दाब-जास्त प्रवाह यात होते.

व्हॉल्व्हचा अँप्लिफायर उचलताना कंबरेत कळ येते ती या लोखंडामुळे, आणि किमतीचा मोठा भागही तेथेच खर्ची पडतो. खर्जातील स्वरांसाठी लोखंड आणि वेढे विपुल हवेत. परंतु वेढे वाढले की तारस्वर गळू लागतात. ही ओढाताण मिटविण्यासाठी गुंडाळ्या थराथरांनी एकमेकींत गुंफाव्या लागतात. इंग्लंडमधील डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात १५ वॉटच्या ज्या अँप्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला आणि ज्याने पुढची कित्येक वर्षे हौशी कारागिरांवर अंमल गाजविला, त्याचे सारे यश अशाच काळजीपूर्वक गुंडाळलेल्या रोहित्रावर उभे होते. व्हॉल्व्हच्या कलेने कळस गाठला ते वर्ष, आणि तिला पुढे पदच्युत करणारा स्फटिक जन्मला तेही वर्ष एकच असावे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे.

स्वयंभू गंधार आणि बेसूर बेरीज

आता आवाजाच्या ‘गोडव्या’विषयी. कोणताही अँप्लिफायर संकेताची प्रत करताना थोडी भर स्वतःच्या पदरची घालतो. एका स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे जे उपस्वर अशा रीतीने उगवतात, त्यांना विरूपण म्हणतात. तंबोरा ऐकणाऱ्यास उपस्वर नवे नाहीत. षड्जाच्या तारेतून निघणारा दुसरा उपस्वर म्हणजे वरचा षड्ज, तिसरा म्हणजे पंचम, आणि पाचवा म्हणजे जाणकार ज्याची वाट पाहत तंबोरा लावतात तो स्वयंभू गंधार. सातवा उपस्वर मात्र कोमल निषादाच्या खाली, कोणत्याही लावलेल्या सुरात न बसणारा असा असतो. साध्या रचनेचे व्हॉल्व्हचे मंडल मर्यादेबाहेर ढकलले, तरी ते प्रामुख्याने दुसऱ्या, म्हणजे सप्तकाच्याच उपस्वराची भर घालते, आणि तीही हळूहळू. ट्रान्झिस्टरचे मंडल मर्यादेच्या आत असेतो जवळजवळ काहीच भर घालीत नाही. परंतु मर्यादा ओलांडताच तरंगाचा माथा एकदम सपाट छाटतो, आणि त्या छाटणीतून सातवा, नववा, अकरावा असे दूरचे उपस्वर बाहेर पडतात. रसेल हॅम यांनी १९७३ साली ध्वनि-अभियंत्यांच्या एका नियतकालिकात ध्वनिमुद्रणगृहातील यंत्रांविषयी मांडलेला मुद्दा हाच होता.

इथवर व्हॉल्व्हच्या भक्तांचे म्हणणे यथार्थ आहे. परंतु या गोडव्याचा एक जमाखर्च ते सहसा पुरा वाचीत नाहीत. दुसरा उपस्वर घालणारे यंत्र एका वेळी दोन स्वर वाजत असता त्यांची बेरीज आणि वजाबाकी हेही दोन नवे स्वर घालते. षड्ज २४० हर्ट्झचा आहे आणि गायकाने २५६ चा कोमल रिषभ लावला आहे असे समजा. षड्जाचा दुसरा उपस्वर ४८०, म्हणजे तारषड्ज. तो बिघडवीत नाही. पण दोहोंची बेरीज ४९६ होते, आणि ती तारषड्जाच्या अगदी शेजारी, कोणत्याही स्वराच्या जागी न बसणारी अशी उभी राहते. दोन्ही स्वर सारख्या जोराचे असले, तर गणिताने ही बेरीज त्या गोड उपस्वराच्या दुप्पट जोराची भरते. एकट्या बासरीवर मोहक वाटणारे यंत्र तंबोरा, पेटी, सारंगी आणि गळा एकत्र आल्यावर गढूळ का वाटते, याचे हे उत्तर. म्हणून व्हॉल्व्हने थोडी भर घालावी, फार घालू नये. आणि त्याला फार भर घालण्याची पाळी येऊ न देणे, हेच ट्रान्झिस्टरशी त्याची सोयरीक जमविण्याचे खरे प्रयोजन आहे.

पहिला सांधा: व्हॉल्व्ह पुढे, ट्रान्झिस्टर मागे

सर्वांत रूढ संयोग म्हणजे व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर आणि ट्रान्झिस्टरचा पॉवर अँप्लिफायर. कल्पना सुबुद्ध आहे: दाब वाढविण्याचे काम दाबाच्या धन्याकडे, प्रवाह पुरविण्याचे काम प्रवाहाच्या धन्याकडे, आणि मधले ते जड, महागडे रोहित्र अजिबात नको. एकाच पेटीत या दोन्ही गोष्टी घालून तयार मिळणाऱ्या ‘हायब्रिड’ अँप्लिफायरांची मांडणीही बहुतेक अशीच असते.

मग आरंभीच्या तक्रारीतला डग्गा गेला कोठे? प्रत्येक यंत्राच्या बहिर्द्वाराशी एक आंतरिक अडथळा असतो आणि प्रत्येक यंत्राच्या प्रवेशद्वाराशी एक भार असतो; त्यांना संरोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. ईसीसी ८३ च्या धनाग्रावरून संकेत सरळ बाहेर काढला, तर हा बहिर्गामी संरोध सुमारे ३८ हजार ओहम असतो. जुन्या काळी त्याच्यापुढे व्हॉल्व्हचाच पॉवर अँप्लिफायर येई. जाळी प्रवाह जवळजवळ मागतच नसल्यामुळे त्याचा प्रवेशसंरोध चार-पाच लाख ओहम ठेवता येत असे, आणि संकेताला फारशी झीज लागत नसे. ट्रान्झिस्टरच्या पॉवर अँप्लिफायरचा प्रवेशसंरोध मात्र कित्येकदा दहा हजार ओहमच असतो. ३८ आणि १० अशी वाटणी झाली, की संकेताचा जेमतेम पाचवा हिस्सा पुढे पोहोचतो. आवाज मंदावला तो यामुळे.

खर्जाचे नुकसान निराळ्या वाटेने होते. धनाग्रावरचा शे-दोनशे व्होल्टांचा स्थिर दाब बाहेर पडू नये म्हणून प्रीअँप्लिफायरच्या तोंडाशी एक कंडेन्सर बसवितात. तो स्थिर दाब अडवितो आणि हलता संकेत जाऊ देतो. परंतु संकेत जितक्या सावकाश हलेल, म्हणजे स्वर जितका खालचा असेल, तितका कंडेन्सर त्यालाही अडवितो, आणि हा अडथळा कोठे सुरू व्हावा हे पुढच्या भारावर अवलंबून असते. समजा, मागच्या यंत्राचा बहिर्गामी संरोध नगण्य आहे आणि कंडेन्सर ०.२२ मायक्रोफॅरडचा आहे. पुढे ४ लाख ७० हजार ओहम असतील, तर शक्ती निम्म्यावर येते ती सुमारे दीड हर्ट्झला. तेथे ऐकण्यासारखे काहीच नसते. पुढे दहाच हजार ओहम असले, की हीच सीमा ७२ हर्ट्झवर चढते. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे खर्जाच्या मूळ स्वराची निम्म्याहून अधिक शक्ती सांध्यातच जप्त झाली, आणि दोन्ही यंत्रे निर्दोष ती निर्दोषच.

उपाय फार अवघड नाही. पुढच्या यंत्राचा प्रवेशसंरोध मागच्याच्या बहिर्गामी संरोधाच्या निदान दहापट असावा, हा जुना दंडक पाळावा. व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर घेताना त्याचा संकेत धनाग्रावरून निघतो की ऋणाग्रावरून, हे विचारावे. ऋणाग्रावरून घेतला तर तोच ईसीसी ८३ सुमारे सहाशे ओहमचा संरोध दाखवितो, दाब वाढवीत नाही, पण पुढच्या यंत्राला निभावून नेतो. कंडेन्सर बदलून २ मायक्रोफॅरडचा घातला, तरी दहा हजार ओहमपुढे सीमा आठ हर्ट्झपर्यंत उतरते. मात्र कंडेन्सर वाढविल्याने मंदावलेला आवाज वाढत नाही. त्याला संरोधाचाच बंदोबस्त हवा.

याच सांध्याचा आणखी एक रिवाज आहे. व्हॉल्व्ह तापावयास अर्धे-पाऊण मिनिट लागते, त्या काळात धनाग्राचा दाब वर-खाली होतो, आणि तो हिसका कंडेन्सरमधून निसटून पुढे जातो. पॉवर अँप्लिफायर आधीच चालू असेल, तर तो या हिसक्याला वीस-तीसपट करून स्पीकरच्या पडद्यावर आदळतो. सबब प्रीअँप्लिफायर आधी चालू करावा, मिनिटभराने पॉवर अँप्लिफायर. बंद करताना पॉवर अँप्लिफायर आधी.

दुसरा सांधा: स्पीकरच्या दाराशी

स्पीकरवर ‘८ ओहम’ असे छापलेले असते, ते त्याचे नाव समजावे, स्वभाव नव्हे. प्रत्यक्षात स्वर बदलेल तसा त्याचा संरोध बदलतो. कोठे तो पाचावर येतो, तर पडद्याच्या स्वाभाविक कंपनापाशी तीसच्या वर चढतो. ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरचा स्वतःचा आंतरिक संरोध ओहमच्या विसाव्या हिश्श्याइतका असू शकतो, त्यामुळे स्पीकरने कितीही रूपे बदलली तरी त्याला मिळणारा दाब तोच राहतो. प्रतिपोषण न वापरणाऱ्या, म्हणजे बाहेर पडलेला संकेत परत आणून स्वतःच्या चुका दुरुस्त न करणाऱ्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा आंतरिक संरोध दोन ओहम सहज असतो. गणित करून पाहिले, तर पाच ओहमपाशी आणि बत्तीस ओहमपाशी मिळणाऱ्या दाबांत ट्रान्झिस्टरच्या बाबतीत डेसिबलच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी फरक पडतो, आणि या व्हॉल्व्हच्या बाबतीत सुमारे २.४ डेसिबलचा. सव्वादोन-अडीच डेसिबल म्हणजे कोणाही सामान्य कानाला कळणारा फरक. तो प्रत्येक स्पीकरच्या बाबतीत निराळ्या स्वरांवर पडतो. मित्राच्या घरचा गोडवा आपल्या घरी का आला नाही, याचा उलगडा येथे होतो: ज्याला आपण व्हॉल्व्हचा आवाज म्हणत होतो, तो पुष्कळसा मित्राच्या स्पीकरचा आलेख होता.

पडद्याला आवरण्याचेही असेच. ठोका संपल्यावर हलत राहिलेला पडदा स्वतःच वीज उत्पन्न करतो, आणि अँप्लिफायरचा आंतरिक संरोध कमी असेल तर ती वीजच त्याला थोपविते. डग्गा आटोपशीर वाजतो की लोळतो, हे यावर ठरते. मात्र माहितीपत्रकांत ‘अवमंदन गुणांक १६० नव्हे, १६००’ अशी जी आतषबाजी असते, तिला भुलू नये. स्पीकरच्या गुंडाळीचाच रोध सहा ओहमच्या आसपास असतो आणि तो नेहमी मध्ये उभा असतो. त्यात विसाव्या हिश्श्याची भर पडली काय किंवा दोनशेव्या हिश्श्याची, फरक नगण्य. दोन ओहमची भर पडली, तर मात्र ती जाणवते.

वरचे व्हॉल्व्हकडे, खालचे ट्रान्झिस्टरकडे

तेव्हा साहजिकच असा विचार सुचतो की खर्ज ट्रान्झिस्टरकडे सोपवावा आणि गळा, सारंगी, सतार यांचे वरचे स्वर व्हॉल्व्हकडे ठेवावेत. ज्या स्पीकरांच्या पाठीशी दोनाऐवजी चार टर्मिनले असतात, त्यांत ही सोय उपजतच असते: वरची जोडी तारस्वरांच्या पडद्याची, खालची खर्जाच्या पडद्याची, आणि दोहोंना सांधणाऱ्या पितळेच्या दोन पट्ट्या. कारखान्यातून स्पीकर येतो तो या पट्ट्या लावूनच. दोन अँप्लिफायर जोडण्यापूर्वी त्या काढून खिशात घालाव्यात, आणि काढल्याची खात्री दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावी. कारण त्या राहिल्या, तर दोन अँप्लिफायरांची तोंडे एकमेकांवर येतात आणि ट्रान्झिस्टरचा विसांश ओहम व्हॉल्व्हच्या रोहित्रापुढे शॉर्ट सर्किट होऊन उभा राहतो. दोन्ही यंत्रांची भये परस्परविरुद्ध आहेत: व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला स्पीकरविना मोकळे वाजवू नये, रोहित्रात भलताच दाब चढून ठिणगी पडते, आणि ट्रान्झिस्टरची दोन टोके एकमेकांस कधी टेकू देऊ नयेत. एकाला मोकळीक सोसत नाही, दुसऱ्याला गळाभेट.

येथवर बहुतेक मंडळी पोहोचतात. आणि तरीही लाभ अपेक्षेएवढा होत नाही. कारण असे: आठ वॉटचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर आठ ओहमपुढे फार तर ११ व्होल्टांपर्यंत उसळी घेऊ शकतो. पखवाजाच्या थापेला १५ व्होल्टांची उसळी लागत असेल, तर व्हॉल्व्हकडे आता खर्जाचा पडदा जोडलेला नसला, तरी त्याच्या प्रवेशद्वाराशी ती थाप येतेच. तो तिची प्रत करू पाहतो, ११ वर अडतो, आणि त्या क्षणी तिच्यावर स्वार असलेला गायकाचा सूरही छाटला जातो. प्रवाहाचा बोजा गेला. दाबाचा तसाच राहिला. म्हणून खर्ज अँप्लिफायरच्या आत शिरण्यापूर्वीच अडवावा लागतो. त्यासाठी एक लहानसा कंडेन्सर पुरतो: व्हॉल्व्ह अँप्लिफायरचा प्रवेशसंरोध एक लाख ओहम असेल, तर ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १५९ हर्ट्झच्या खालचे उतरते करतो. पहिल्या सांध्यात ज्या गोष्टीने घात केला, तीच येथे हेतुपुरस्सर कामाला लावावयाची. स्पीकरमधील स्वरविभाजन बहुधा दोन-तीन हजार हर्ट्झपाशी असल्यामुळे त्याला या अडवणुकीचा धक्का लागत नाही.

याहून शुद्ध मार्ग म्हणजे स्पीकरमधील विभाजक मंडल काढून टाकून, अँप्लिफायरांच्या आधीच स्वरांची वाटणी करणारे सक्रिय मंडल बसविणे. ह्यूलेट-पॅकार्डमधील सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी दाखविलेली, प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबल उताराची वाटणी १९७६ पासून रूढ आहे. पण कारखान्याने त्या पडद्यांसाठी घडविलेले मंडल फेकून स्वतःचे बसविणे हा मोजमापाच्या साधनांवाचून करावयाचा उद्योग नव्हे.

दोन अँप्लिफायरांची वृद्धी सारखी असावी, हेही ओघानेच आले. एक २६ डेसिबलचा, म्हणजे दाब वीसपट करणारा, आणि दुसरा ३२ चा, म्हणजे चाळीसपट करणारा असला, तर स्पीकरचा एक पडदा दुसऱ्यावर कायमची कुरघोडी करतो. कंडेन्सर घालण्यापूर्वी दोहोंना २०० हर्ट्झचा एकच सूर द्यावा, साध्या मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवरचा प्रत्यावर्ती दाब मोजावा, आणि जो अधिक वाढवितो त्याच्या तोंडाशी व्हॉल्यूमचा खुंटा बसवून आकडे जुळवावेत. तसेच काही व्हॉल्व्ह मंडले संकेत उलटा करून देतात. एक पडदा पुढे येत असता दुसरा मागे गेला, तर विभाजनाच्या जागी दोघे एकमेकांस खोडतात. आवाज पोकळ वाटला, तर एका अँप्लिफायरच्या लाल-काळ्या तारांची अदलाबदल करून पाहावी.

ज्यांना एवढी यातायात नको, त्यांनी स्वतःचा अँप्लिफायर पोटात असलेला सबवूफर व्हॉल्व्हच्या जोडीला घ्यावा. तोही संयोगच, फक्त त्याला कोणी तसे नाव देत नाही.

---

चौकट: जोडणी करण्यापूर्वी

प्रवेशसंरोध मागच्या यंत्राच्या बहिर्गामी संरोधाच्या दहापट आहे का?
प्रीअँप्लिफायरच्या तोंडचा कंडेन्सर नव्या भाराला पुरेसा आहे का?
स्पीकरच्या पाठीमागच्या पितळी पट्ट्या काढल्या का?
व्हॉल्व्ह अँप्लिफायरला स्पीकर जोडलेला आहे का?
ट्रान्झिस्टर अँप्लिफायर ‘ब्रिज’ पद्धतीचा, म्हणजे काळ्या टर्मिनलावरही संकेत असणारा, असल्यास त्याचे काळे टर्मिनल दुसऱ्या यंत्राच्या काळ्याला जोडलेले नाही ना?
वृद्धी जुळविली का, आणि दोन्ही पडदे एकाच दिशेने हलतात का?

---

मग व्हॉल्व्ह कोठे घालावा?

व्हॉल्व्हचा परिणाम अनिर्वचनीय आहे, असे मानणाऱ्यांसाठी एक घटना सांगण्यासारखी आहे. १९८५ साली बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांपुढे पैज घेतली, की त्यांच्या आवडीच्या एका महागड्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरचा आवाज आपण आपल्या ट्रान्झिस्टर यंत्रातून काढून दाखवू. दोन्ही यंत्रांना एकच संकेत द्यावयाचा, एकाच्या बाहेरून येणाऱ्या संकेतातून दुसऱ्याचा वजा करावयाचा, आणि बाकी शून्याजवळ येईपर्यंत आपल्या मंडलात फेरफार करीत राहावयाचे, अशी त्याची रीत होती. शेवटी ऐकणाऱ्यांना दोहोंत भेद सांगता आला नाही. यावरून व्हॉल्व्ह निरुपयोगी ठरला असे नव्हे. जे ऐकू येते ते मोजता येते आणि हवे तेथे बसविता येते, एवढे मात्र ठरले.

ते बसवावे कोठे, हे आपल्या स्पीकरने सांगावे. एका वॉटला एक मीटरवर ९५ डेसिबल देणारा स्पीकर असेल, तर खोलीतल्या बैठकीसाठी आठ-दहा वॉटचा निखळ व्हॉल्व्ह अँप्लिफायर पुरतो आणि संयोगाची गरजच उरत नाही. आजचे बहुतेक छोटे स्पीकर ८५ ते ८८ डेसिबलचे असतात. तेवढ्याच आवाजासाठी त्यांना सुमारे पाच ते दहापट शक्ती लागते, आणि ती ट्रान्झिस्टरकडून घेण्यात शहाणपण आहे. मूव्हिंग कॉइल जातीच्या सुईपासून अर्ध्या मिलिव्होल्टाहूनही क्षीण संकेत येतो. तेथे व्हॉल्व्हची खरखर आणि धक्क्याने घणघणण्याची खोड आड येते, म्हणून पहिली पायरी ट्रान्झिस्टरची, दुसरी व्हॉल्व्हची, अशी उलटी रचनाही पुष्कळांना मानवते.

खर्चाचा हिशेबही त्याच दिशेने बोट दाखवितो. स्टिरिओ पॉवर अँप्लिफायरमध्ये ईएल ३४ जातीचे चार व्हॉल्व्ह असले, तर त्यांच्या तारा नुसत्या तापत्या ठेवण्यासाठीच सुमारे ३८ वॉट वीज जळते. संगीताची गोष्ट त्यानंतरची. मे महिन्यात मुंबईच्या बंद खोलीत ही शेगडी रोज तीन तास पेटविण्याची हौस कितीजणांना परवडते, हा प्रश्नच आहे. शिवाय असे व्हॉल्व्ह जुळणीचे घ्यावे लागतात, बदलले की त्यांचा स्थिरप्रवाह पुन्हा लावून घ्यावा लागतो, आणि तो लावताना चार-साडेचारशे व्होल्टांच्या सान्निध्यात हात घालावा लागतो. यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरांत हा दाब काही काळ टिकून असतो, हे विसरून चालत नाही. ईसीसी ८३ ची तार दोन वॉटहूनही कमीवर तापते, आणि तो बदलावयाचा झाला तर वीज बंद करून, थंड झाल्यावर जुना उपसून नवा खोचावा, एवढेच.

म्हणून ज्याला दोन्ही जाती घरात हव्या आहेत आणि दोन्ही घेण्याइतके पैसे एकदम नाहीत, त्याने आधी ट्रान्झिस्टरचा पॉवर अँप्लिफायर चांगला घ्यावा, व्हॉल्व्ह प्रीअँप्लिफायरमध्ये घालावा, आणि दुकानदाराला त्या प्रीअँप्लिफायरचा बहिर्गामी संरोध किती, एवढे एकच विचारावे. उत्तर देता आले नाही, तर दुसरे दुकान पाहावे.